सात नोव्हेंबरची आडवी रेघ

अंबत्तूर,
६ फेब्रुवारी १९८४

चिरंजीव वादिराजास गोदाआत्येचे आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरूं नको, कोणी गेलेलें नाहीं. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, तेवढें सोडलें तर तेही बरे, मीही बरी. अड्याराहून अंबत्तूर म्हणजे एक बस आणि एक ट्रेन. तरी तूं तीन वर्षांत आला नाहींस, म्हणून बारा मैलांसाठीं पोस्टाला त्रास देतें आहें.

काम आपल्या शेजारच्या कनकाचें आहे. तिचे यजमान गेल्याला दीड वर्ष झालें. ते करीत तेंच काम, जळलेल्या मोटरांना नवी तार गुंडाळण्याचें, ती आतां स्वतः करते. आजवर आमच्या तिण्णैवर, दारच्या ओट्यावर, बसून केलें. येणारा जाणारा बघायचा, विधवा बाई मोटर उघडून बसली आहे म्हणून. आतां एरीच्या कडेला जागा घेऊन ती शेड बांधते आहे. तिच्याजवळ होतें नव्हतें तें सगळें त्यांत गेलें. उद्यां तिथें त्या तळ्याचें पाणी शिरलें तर गिऱ्हाइकांच्या मोटरा गेल्या, तिचें नांव गेलें, आणि तिला पुन्हां आमच्या तिण्णैवर येऊन बसावें लागेल. तें तिला सहन होणार नाहीं, मलाही नाहीं.

प्रश्न जोत्याचा आहे. रंगा मेस्त्री म्हणतो चार फूट उंच घ्या. कनका म्हणते, शेतावरच्या पंपाच्या मोटरा चार फूट चढवायच्या कोणी, जमीन खालींच हवी. दोघांचें भांडण लागलें आणि माझ्या तोंडून निघून गेलें, "आमचा वादिराज आहे की. पावसांतच डॉक्टर झाला आहे." आतां माझी लाज राख. सगळ्यांत मोठा पाऊस आला तर तिथें पाणी किती चढेल, तेवढें सांग.

आणि सोपें मराठी लिही. पुण्याला शिकून आल्यापासून तुझें पत्र ऐकतांना मामा मला प्रत्येक ओळ दोनदां वाचायला लावतात.

तुझी
गोदाआत्या


अड्यार, मद्रास,
१४ फेब्रुवारी १९८४

ती. गोदाआत्यास वादिराजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि मी खुर्चीत जरा ताठ बसलो. दहा वर्षं मी कॉलेजात मोठमोठ्या पावसांचा अभ्यास करतोय, पण त्यातलं काही मला कुणी आपणहून विचारावं, हे पहिल्यांदाच घडलं. माझा प्रबंध परीक्षकांनी तरी वाचला असेल का, याची मला अजून खात्री नाही. शेजारचे लोक छत्री घ्यायची की नाही हे आमच्या दूधवाल्याला विचारतात. तो बरोबर सांगतो, हेही मला मान्य आहे.

माझं काम काय ते सोपं करून सांगतो. सरासरी पावसाशी मला कर्तव्य नाही. दरवर्षीचा एकच दिवस उचलायचा, सगळ्यात जास्त पावसाचा. तीस वर्षांचे असे तीस आकडे घ्यायचे आणि त्यांवरून शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस केवढा असेल ते काढायचं. म्हणजे जो आपण अजून पाहिलेलाच नाही तो. त्यात आणखी पंचाईत अशी की पर्जन्यमापक असतात पाच-दहा मैलांवर एकेक, आणि लोक घरं बांधतात मधेच कुठेतरी. मग आजूबाजूच्या मापकांवरून मधल्या जागेचा अंदाज करायचा. थोडक्यात, जे पाहिलं नाही ते केवढं असेल आणि जिथे गेलो नाही तिथे काय होईल, हे छातीठोकपणे सांगण्याचा मला पगार मिळतो.

मद्रासच्या आसपासच्या सव्वीस मापकांचा असा नकाशा मी गेल्याच वर्षी पुरा केला. मामांचा मापकही त्यात आहे. तुमच्या परसात तो त्रेपन्न साली बसवला, तेव्हापासूनच्या नोंदी मला सरकारी कचेरीतून मिळाल्या. आधी अंबत्तूरला एक खिळा वर आला होता. चारी बाजूंना सपाट आणि तुमच्याकडेच उंच टोक. तो मी ठोकून नीट बसवला आणि नकाशा कसा गुळगुळीत झाला. परिषदेत लोकांनी वाखाणला.

तर उत्तर ऐक. एरी भरून वाहायला लागली तरी त्या जागेवर पाणी दीड फुटाच्या वर जाणार नाही. जोतं दोन फूट घ्या. रंगा मेस्त्रीला म्हणावं, चार फूट हा भीतीचा हिशेब झाला, पावसाचा नव्हे.

नकाशाची रंगीत प्रत सोबत पाठवतोय. कनकानं शेडमध्ये लावावी. मी सवड काढून येतोच एकदा.

तुझा
वादिराज


अंबत्तूर,
२७ फेब्रुवारी १९८४

चि. वादिराजास आशीर्वाद.

तुझें पत्र कनकाला वाचून दाखवलें. तिनें त्याच दिवशीं रंगाला दोन फुटांवर जोतें थांबवायला सांगितलें. रंगा वाद घालत बसला नाहीं. एरीकडे एक जुनी चिंच आहे, तिच्या खोडावर त्यानें बोट ठेवून दाखवलें, एकदां पाणी इथवर आलें होतें म्हणून. बोट त्याच्या छातीशीं होतें. मी म्हटलें, "अरे, आमचा वादिराज सव्वीस ठिकाणचा पाऊस मोजून सांगतो आहे, तुझी एक चिंच." तो "सरि अम्मा," बरें अम्मा, म्हणाला आणि थापी उचलली. नकाशाला कनकानें काचेची चौकट करून आणली आहे.

ती विचारते, शंभर वर्षांतून एकदां म्हणजे एकदां येऊन गेला कीं पुढचीं नव्व्याण्णव वर्षें सुट्टी का?

आतां दुसरें. तें खिळ्याचें मी मामांना वाचून दाखवायला नको होतें. माझी अक्कल तेवढीच. ते लगेच म्हणाले, "कुठला आकडा ठोकला त्यानें?" एकतीस वर्षें त्या माणसानें सकाळचे साडेआठ चुकूं दिले नाहींत. शाळेंत हेडमास्तर होते तेव्हां घंटा पांच मिनिटें उशिरां होईल, पण पाऊस वेळेवर मोजला जाईल. ताप असला तर कांबळें पांघरून जायचे. आतां आठ दिवस झाले, नोंद झाली कीं वही मिटून मांडीवर घेऊन बसतात. काप्पी निवून जाते. म्हणतात, "माझ्या वहींत खोटें काय सांपडलें, तेवढें विचार."

कुठला आकडा तें लिही.

गोदाआत्या


अड्यार,
५ मार्च १९८४

ती. आत्यास नमस्कार.

कनकाला सांग, सुट्टी मिळत नाही. पाऊस दरवर्षी एक चिठ्ठी उचलतो. शंभर चिठ्ठ्यांत एक वाईट. आणि उचललेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकतो, त्यामुळे लागोपाठ दोन वर्षंही तीच निघू शकते.

मामांना सांग, त्यांची काही चूक नाही, उलट यात माझी हुशारी दिसते. आकडा आहे ८ नोव्हेंबर १९७१ चा. मामांच्या वहीत त्या दिवशी तीनशे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर लिहिलेत. चहूकडच्या मापकांवर त्याच दिवशी दीडशे, एकशे सत्तर, फार तर एकशे ऐंशी. आणि आदल्या दिवशी, सात तारखेला, मामांच्या वहीत आकडाच नाही. नुसती आडवी रेघ. एकतीस वर्षांत एवढी एकच.

दुसरा कुणी असता तर इथे गोंधळला असता. पण मी पडलो घरचा माणूस. ग्रंथालयात जाऊन त्या सालचं पंचांग शोधलं. सात नोव्हेंबर म्हणजे कार्तिक वद्य पंचमी. मामांच्या वडिलांचं श्राद्ध. लहानपणी मी स्वतः त्या श्राद्धाला तुमच्याकडे जेवलोय. मामा पहाटेपासून सोवळ्यात, तू स्वैपाकाच्या सोवळ्यात, ब्राह्मण जेवून उठेपर्यंत परसातल्या मापकाला हात लावणार कोण? कुणी लावला नाही, म्हणून रेघ. सातचं पाणी मापकात तसंच राहिलं आणि आठ तारखेला दोन दिवसांचा पाऊस एकदम मोजला गेला. मी तो शेजारच्या मापकांच्या प्रमाणात दोन दिवसांत वाटून टाकला. खिळा बसला.

माझ्या निबंधात यावर अख्खा परिच्छेद आहे. त्याला मी मथळा दिलाय, 'निरीक्षकाच्या घरगुती धर्मकृत्यांचा नोंदींवरील परिणाम'. परिषदेत एका वयस्क पाहुण्यांनी मुद्दाम येऊन माझा हात दाबला. म्हणाले, पंचांग काढून आकडेशास्त्र करणारा माणूस मी आज पाहिला. मला ते कौतुक वाटलं होतं.

तुझा
वादिराज


अड्यार,
२ एप्रिल १९८४
(पोस्टकार्ड)

ती. आत्यास नमस्कार.

चार आठवडे झाले, तुझ्याकडून एक ओळ नाही. मामांना राग आला का? तब्येत बरी आहे ना? उत्तर न येणं ही माझ्या दृष्टीनं एक आडवी रेघच, आणि आडव्या रेघेचा अर्थ लावण्याची मला खोड आहे. आतापर्यंत सात अर्थ लावून झाले, एकही चांगला नाही. दोन शब्द टाक.

वादिराज


अंबत्तूर,
९ एप्रिल १९८४

चि. वादिराजास आशीर्वाद.

मामा बरे आहेत. मला लिहायला संकोच होत होता म्हणून दिवस गेले. मग म्हटलें, सत्तावन्नावें लागलें, आतां कसला संकोच. आणि तूं डॉक्टर आहेस, पावसाचा कां असेना.

तूं लिहितोस, मी स्वैपाकाच्या सोवळ्यांत होतें. नव्हतें. त्या श्राद्धाला मी बाहेर होतें. आदल्याच दिवशीं मला कावळा शिवला. माझी जाऊ कृष्णवेणी कुंभकोणाहून येऊन स्वैपाकाला उभी राहिली, आणि मी तीन दिवस परसांतल्या खोलींत, वेगळी. तूं पंचांग उघडलेंस, पण त्यांत मामांच्या वडिलांची तिथ असते, माझी नसते.

खोलीच्या दारापासून मापक चार पावलांवर. साडेआठ वाजत आले. एरवीं श्राद्धाला शाळेंतला एखादा मुलगा मोजून पेला मामांच्या डोळ्यांसमोर धरायचा, त्या वर्षीं पावसामुळें कोणी आलें नाहीं. आंत तयारी चाललेली, मामा सोवळें नेसून खिडकीशीं येत होते, मापकाकडे बघत होते आणि परत आंत जात होते. मला तें बघवेना. घरांतल्या कशालाही मी शिवायचें नव्हतें, पण सरकारी पत्र्याला कसला विटाळ? मी गेलें, वरचें नरसाळें काढलें, पेल्यानें पाणी मोजलें, ओतून टाकलें आणि सगळें पुन्हां होतें तसें बसवलें. शहाण्णव भरलें. खोलींत एक जुनें पंचांग पडलें होतें, त्याच्या कडेला कोळशानें लिहून ठेवलें.

मग पावसानें जो जोर धरला तो विचारूं नको. पिंडाला कावळा येईना. ब्राह्मण जेवून तिण्णैवर अडकले, त्यांना रात्रींही इथेंच निजावें लागलें. श्राद्ध उरकल्यावर मी खोलींतून ओरडून मामांना सांगितलें, सकाळचे शहाण्णव म्हणून. ते म्हणाले, "जें मी डोळ्यांनीं पाहिलें नाहीं तें माझ्या हातानें लिहिणार नाहीं." आणि रेघ मारली. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतः मोजलें तें तीनशें अठ्ठ्याऐंशी. एका दिवसाचें, वादिराजा. आदलें पाणी मी केव्हांच ओतलें होतें.

बारा वर्षें ती रेघ मला बोचते आहे. मी मोजलें होतें आणि वहींत लिहिलें गेलें कीं कोणी मोजलें नाहीं. तूंही तेंच वाचलेंस. तुझा राग नाहीं. वहींत जें नाहीं तें तुला दिसणार कसें.

आणखी एक गंमत. गेलीं दोन वर्षें मामांना पेल्यावरच्या खुणा दिसत नाहींत. मोजतें मीच, ते ऐकून लिहितात. आतां "डोळ्यांनीं पाहिलें नाहीं" असें म्हणत नाहींत, आणि मीही तो विषय काढत नाहीं. इतकीं वर्षें त्यांच्याशीं संसार केला, कुठें गप्प बसायचें तें कळतें.

पंचांगाचें तें पान सोबत घातलें आहे. सांभाळ, माझ्याकडे दुसरा पुरावा नाहीं. कनकाच्या शेडीला परवां छप्पर चढलें. दोन फुटांवर. तिला मी अजून कांहीं सांगितलें नाहीं.

गोदाआत्या


अड्यार,
१७ एप्रिल १९८४

ती. आत्या,

पान मिळालं. कोळशाचे शहाण्णव अजून स्पष्ट वाचता येतात. माझ्या निबंधातला परिच्छेद मी त्याच्या शेजारी ठेवून वाचला आणि मग उठून चक्क दार लावून घेतलं. खोलीत मी एकटाच होतो, तरी.

सगळा हिशेब पुन्हा केला. पंचकार्डांचा गठ्ठा संगणकवाल्यांकडे दिला, दुसऱ्या दिवशी उत्तराचा कागद आला. तीनशे अठ्ठ्याऐंशी जागेवर ठेवले की तिथे पाणी साडेतीन फुटांपर्यंत चढू शकतं. रंगा मेस्त्रीचे चार फूट बरोबर आहेत. त्याला एक चिंच पुरली. मला सव्वीस मापक, दहा वर्षं आणि एक संगणक लागला, आणि मी दोन फुटांनी चुकलो.

वाईट याचं वाटतं की हे मला येत नव्हतं असं नाही. मोठा ढग एका गावावर सगळं ओततो आणि शेजारच्या गावात नुसतं अंगण भिजवून जातो, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. टोकाचा आकडा शेजाऱ्यांसारखा दिसत नाही म्हणून त्याला खोटं म्हणू नका, असंही सांगतो. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न असतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा शेजाऱ्यांचं ऐकून मी घरच्या माणसाला खोटं ठरवलं, आणि त्याला हुशारी असं नाव दिलं. शून्य गुण.

आता एक कबूल करून टाकतो. तीन वर्षांत मी आलो नाही ते कामामुळे नव्हे. पहिलं वर्ष नुसता आळस. मग कनकाचे यजमान गेले. मी दोन ओळींची तार केली आणि घरी बसून राहिलो. तिच्यासमोर जाऊन काय बोलायचं ते मला सुचेना. उद्या जाऊ, परवा जाऊ करता महिना गेला, मग महिना गेल्याची लाज, मग वर्ष गेल्याची. लहानपणी तुमच्या परसात आम्ही दोघं मापकाच्या पेल्यातून पाणी पिऊन मामांच्या छड्या खाल्ल्यात. त्या कनकाला मी दोन ओळींची तार केली. मला याची फार लाज वाटते.

म्हणून विचारतो, जोत्याचं तिला तू सांगशील का? तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला कमी लागेल. निबंधाची दुरुस्ती मी आजच मासिकाकडे पाठवली आहे.

तुझा
वादिराज


अंबत्तूर,
२१ एप्रिल १९८४

चि. वादिराजास आशीर्वाद.

मी सांगणार नाहीं. मासिकाला दुरुस्ती पोस्टानें चालत असेल, कनकाला चालणार नाहीं.

एकोणतीस तारखेला रविवार आहे. सकाळच्या ट्रेननें ये. रंगालाही बोलावलें आहे. डांगर पच्चडी करतें.

गोदाआत्या


अड्यार,
३० एप्रिल १९८४

ती. आत्यास नमस्कार.

काल तू घरी स्वैपाकात होतीस, आणि शेडवर काय झालं ते कनका तुला सांगणार नाही, म्हणून मीच लिहितो.

ट्रेनमध्ये मी मनाशी सगळं घोकून गेलो होतो. ती जमिनीवर बसून एका उघड्या मोटरमध्ये तांब्याची तार भरत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी उभ्याउभ्या सुरुवात केली ती थेट शक्यतेच्या सिद्धांतापासून. कमाल पर्जन्य, त्याचं वितरण, शेजारच्या मापकांचा भार. दहा मिनिटं बोललो. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "वादी, जोतं चुकलं एवढंच सांगायला आलास ना?"

मी म्हटलं, "हो."

"आणि तेव्हा आला नाहीस, ते?"

"तेही चुकलं. जास्त चुकलं."

"सरि," ती म्हणाली. "ही तार धर. ताणून. सोडायची नाही."

तासभर मी तार धरून बसलो होतो. बोटं चिरली. मला रडू आलं, तिला म्हणालो वार्निशचा वास झोंबतोय. तिनं वार्निशचा डबा उचलून दाखवला, तो उघडलेलाच नव्हता.

मग रंगा आला. मी त्याला हात जोडले, तो बिचारा माझ्याहून जास्त अवघडला. त्यानंच तोड काढली. जमीन आहे तशी राहू दे, मोटरा सहज आत सरकतील. तीन भिंतींना जमिनीपासून अडीच फूट उंच दगडी कट्टा बांधायचा, आणि वरच्या तुळईला साखळीची कप्पी टांगायची. रोज संध्याकाळी काम संपलं की मोटरा कप्पीनं उचलून कट्ट्यावर. म्हणजे रस्त्यापासून साडेचार फूट झाले. मी म्हटलं, चारात भागेल. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. साडेचार ठरले.

मामांना मी निघताना नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाले, "रेघेचा अर्थ ग्रंथालयांत शोधलास. मी बारा मैलांवर होतों की रे." मी माफी मागितली. ते म्हणाले, "पुढच्या वेळीं विचार," आणि मग बराच वेळ वहीवरून नुसता हात फिरवत बसले. ते माझ्याविषयी विचार करत नव्हते असं मला वाटलं. पण मी आता अर्थ लावणं सोडलंय.

पच्चडी फार छान झाली होती. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी येत जाईन.

तुझा
वादिराज


अंबत्तूर,
१८ नोव्हेंबर १९८५

चि. वादिराजास आशीर्वाद.

ट्रेन बंद, रस्ता बंद, तूं काळजींत असशील. आम्ही सगळीं सुखरूप आहोंत. काल पोस्टमन आला, म्हणून आज लिहितें.

एरी फुगून तीन दिवस पाणी होतें. कनकाच्या शेडींत भिंतीवर चिखलाची रेघ उठली आहे, रंगानें टेप लावून मोजली, रस्त्यापासून तीन फूट चार बोटें. आंत बावीस मोटरा होत्या. बावीसच्या बावीस कट्ट्यावर कोरड्या. आजूबाजूच्या कारखान्यांच्या मोटरा बुडाल्या आहेत, त्या सगळ्या आतां तिच्याच दारांत रांगेनें ठेवल्या आहेत. ती सकाळपासून जेवलेली नाहीं, आणि इतकी खुषींत मी तिला तीन वर्षांत पाहिली नव्हती. मला बरें वाटलें. देवाजवळ दिवा लावला आणि थोडी रडलेंही.

नुकसान एकच झालें. तुझा नकाशा. कनकानें तो मुद्दाम बाहेर जोत्याला, रस्त्यापासून दीड फुटांवर टांगला होता, "पाणी इथवर येईल असें डॉक्टर म्हणतात" म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायची. तो चौकटीसकट वाहून गेला. रंगाला चिंचेखालीं सांपडला. रंग सगळे एकांत एक मिसळले आहेत. कनका म्हणते तसाच पुन्हां लावणार आहे.

आतां खरी गोष्ट. तेरा तारखेला सकाळीं मी परसांत गुडघाभर पाण्यांतून गेलें. मापक दगडी चौथऱ्यावर आहे म्हणून वांचला. तीनशें बारा भरलें. घरांत येऊन मामांना सांगितलें. ते पेन उघडून बसले होते. त्यांनीं आकडा लिहिला, आणि थांबले. मग शेऱ्याच्या जागीं आणखी कांहीं लिहूं लागले. मी वाकून पाहिलें. लिहिलें होतें, "वाचन: गोदा."

ते म्हणाले, "एकाहत्तरची वही काढ." घरची प्रत ट्रंकेंत तळाशीं होती. काढली, नोव्हेंबर उघडला. म्हणाले, "माझें बोट त्या रेघेवर ठेव." ठेवलें. त्यांनीं बोटाच्या आधारानें हळूहळू लिहिलें, ९६. त्यापुढें, "वाचन: गोदा. उशिरां नोंद." चौदा वर्षें झालीं त्या शहाण्णवांना.

पेन ठेवून ते म्हणाले, "जागेवर पडला का आकडा?"

नऊ इतका वर गेला होता कीं सहा तारखेच्या ओळींत पडला होता, आणि सहा खालीं आठ तारखेवर उतरला होता. ज्या ओळींत हवा होता ती सोडून दोन्हीकडे.

मी म्हटलें, "बरोबर पडला."

बत्तीस वर्षांच्या त्या वह्यांत खोटें असें तेवढें एकच आहे, आणि तें माझें आहे. तूं आलास कीं दाखवीन. पण दुरुस्त करूं नको.

तुझी
गोदाआत्या